घटक ५ : घराचे शब्द आणि ऊर्जेचा हिशेब

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
१. ‘हरित इमारत’, ‘हरितगृह वायू’, ‘ऊर्जा कार्यक्षमता’ या संज्ञांतील फरक स्पष्ट करता येईल.
२. घरात उष्णता कशी येते आणि ती अडविण्याचा हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाशी काय संबंध आहे, हे साध्या मराठीत सांगता येईल.
३. कोकणी घराच्या भागांची पारंपरिक नावे आणि त्या भागांचे काम यांचा मेळ घालता येईल.
४. आपल्या घरातील वीजवापराचा हिशेब करून तो शास्त्रीय गद्यात मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शास्त्रीय लेखनाची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पाहिली. या घटकात एकच विषय घेऊन ती वैशिष्ट्ये प्रत्यक्ष लेखनात कशी उतरतात, ते पाहावयाचे आहे. विषय आहे हरित इमारतींमधील ऊर्जा कार्यक्षमता. मराठीच्या अभ्यासक्रमात इमारतींचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका अनुभवातून देतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात संपर्कसत्रासाठी मी महाडला गेलो होतो. वर्ग सर्वांत वरच्या मजल्यावर भरला होता आणि डोक्यावर उघडा स्लॅब होता. दुपारी तीनच्या सुमारास पंख्याचा वाराही गरम लागत होता. विद्यार्थ्यांना मी एक साधा अभ्यास दिला : घराच्या भागांची जितकी नावे आठवतील तितकी लिहा. पोलादपूरकडील एका खेड्यातून आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या विद्यार्थिनीने लिहिले : अंगण, जोते, ओटी, पडवी, माजघर, माळा, वळचण, आढे, वासे, रिपा, कौले. महाड शहरातील सदनिकेत वाढलेल्या एका तरुणाने लिहिले : हॉल, किचन, बेडरूम, गॅलरी, स्लॅब, टेरेस. दोन्ही याद्या बरोबर होत्या. दोन्ही आजच्या जिवंत मराठीच्याच होत्या. याद्या वाचून झाल्यावर त्या बाई म्हणाल्या, “सर, आम्ही जुनं घर पाडून स्लॅब टाकला. पडवी गेली आणि विजेचं बिल आलं.”

वर्ग हसला. मला मात्र त्या वाक्यात या घटकाचा सगळा आशय सापडला. घराचा प्रत्येक भाग काही काम करीत असतो. तो भाग गेला, त्याचे नाव विसरले गेले, तरी ते काम शिल्लकच राहते आणि बहुधा विजेच्या मीटरवर येऊन बसते. हे काम पुन्हा भिंतींकडे, छताकडे आणि खिडक्यांकडे सोपविणे म्हणजेच इमारतीची ऊर्जा कार्यक्षमता वाढविणे होय.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ ‘हरित’ या शब्दाचे दोन अर्थ

प्रथम संज्ञा नीट समजून घेऊ. ‘हरितगृह’ म्हणजे रोपे वाढविण्यासाठी उभारलेले काचेचे किंवा प्लॅस्टिकच्या कापडाचे घर. सूर्यप्रकाश आत येतो, पण उष्णता सहज बाहेर जात नाही. पृथ्वीभोवतीच्या वातावरणातील कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांसारखे वायू पृथ्वीकडून बाहेर जाणारी उष्णता शोषून घेतात व तिचा काही भाग परत पाठवितात. दोन्हींतील यंत्रणा तंतोतंत सारखी नाही. पण उष्णता आत राहते या साम्यावरून या वायूंना ‘हरितगृह वायू’ हे नाव मिळाले. येथे ‘हरित’ या शब्दाचा संबंध रोपांच्या हिरवेपणाशी आहे.

‘हरित इमारत’ या संज्ञेत मात्र तोच शब्द लाक्षणिक अर्थाने येतो. येथे ‘हरित’ म्हणजे पर्यावरणाला कमीत कमी हानी पोहोचविणारी. म्हणून ‘हरित इमारत हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करते’ या वाक्यात ‘हरित’ हा शब्द दोनदा आला तरी दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ‘हरित इमारत’ या अर्थी ‘हरितगृह’ असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. त्यामुळे अर्थ उलटा होतो, हे लक्षात ठेवावे.

आता व्याख्या पाहू. शास्त्रीय व्याख्येत दोन अंगे असतात : वस्तू कोणत्या वर्गातील आहे ते, आणि त्या वर्गातील इतरांपासून ती कशामुळे वेगळी ठरते ते. ‘जागेची निवड, आराखडा, साहित्य, बांधकाम, वापर आणि अखेरचे पाडकाम या सर्व टप्प्यांवर ऊर्जा, पाणी व साधनसामग्री यांचा वापर कमी ठेवून राहणाऱ्यांचे आरोग्य व सुख राखणारी इमारत म्हणजे हरित इमारत.’ येथे ‘इमारत’ हा वर्ग झाला. उरलेला भाग हे व्यवच्छेदक लक्षण. या लक्षणात भिंतींचा रंग नाही, गच्चीवरच्या कुंड्याही नाहीत. त्या असल्यास हरकत नाही. पण तेवढ्यावर इमारत हरित ठरत नाही.

५.२.२ शक्ती, ऊर्जा, बचत आणि कार्यक्षमता

दैनंदिन बोलण्यात आपण ‘वीज किती लागते?’ असे विचारतो. शास्त्रीय भाषेत या प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. वीज कोणत्या वेगाने खर्च होते, हे ‘शक्ती’ सांगते; तिचे एकक वॅट. ठरावीक काळात एकूण किती वीज खर्च झाली, हे ‘ऊर्जा’ सांगते; तिचे घरगुती एकक म्हणजे बिलावरील ‘युनिट’. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते.

त्याचप्रमाणे ‘बचत’ आणि ‘कार्यक्षमता’ हे शब्दही समानार्थी नाहीत. खोलीत कोणी नसताना दिवा मालविणे ही बचत. तेवढाच उजेड कमी विजेत मिळविणे ही कार्यक्षमता. बचतीसाठी रोज आठवण ठेवावी लागते. कार्यक्षमता एकदा साधली की आपोआप काम करीत राहते. बांधून झालेले घर पुढे पन्नास वर्षे उभे राहणार असते. म्हणूनच घराच्या बाबतीत कार्यक्षमतेला फार महत्त्व आहे.

एक उदाहरण घेऊ. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट शक्ती घेतो. नव्या ‘बीएलडीसी’ प्रकारच्या पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात. फरक ४५ वॅटचा. पंखा रोज १२ तास, वर्षातील ३०० दिवस, म्हणजे ३६०० तास चालला, तर :

४५ वॅट × ३६०० तास = १,६२,००० वॅट-तास = १६२ युनिट.

आपल्या देशातील विजेच्या जाळ्यात कोळशाचा वाटा मोठा असल्यामुळे एका युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला सुमारे ११३ किलो उत्सर्जन टळते. रायगड जिल्ह्यातच भिरा येथे १९२७ पासून पाण्यावर वीज निर्माण होत आहे, हे खरे. पण विजेचे जाळे सामाईक आहे. महाडमध्ये बटण दाबले की चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी जळणाऱ्या कोळशाशी आपले नाते जोडले जाते. धूर आपल्या अंगणात दिसत नाही, एवढेच.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘हरित इमारत’ आणि ‘हरितगृह’ यांतील ‘हरित’ शब्दाचा अर्थभेद दोन वाक्यांत सांगा.
(आ) ६० वॅटचा जुना दिवा काढून ९ वॅटचा एलईडी दिवा लावला. तो रोज ५ तास याप्रमाणे वर्षभर वापरल्यास किती युनिट वाचतील व किती उत्सर्जन टळेल?

५.२.३ महाड-पोलादपूरचे हवामान

घर कोणत्या हवामानात उभे आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्याच्या ऊर्जेबद्दल काहीही बोलणे व्यर्थ होय. बांधकामाच्या दृष्टीने भारताचे पाच हवामान-विभाग केले जातात : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत. कोकण उष्ण-दमट विभागात मोडते. तरीही महाड आणि पोलादपूर हे किनाऱ्यावरचे तालुके नव्हेत. सावित्रीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी हा प्रदेश वसला आहे. श्रीवर्धनला संध्याकाळी सुटणारा खारा वारा येथपर्यंत पोहोचता पोहोचता थकतो. तीन बाजूंनी डोंगर असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोंडून राहते. पुढे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुसळधार पाऊस आणि भिंतीवर आडवी येणारी झड.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाड सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यालाच ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणतात. याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात सूर्याचा सर्वाधिक मारा भिंतींवर न होता छतावर होतो. एक-दोन मजली घरांच्या या प्रदेशात छताचा विचार पहिला करावा लागतो तो यामुळेच.

५.२.४ उष्णता घरात कशी येते?

मराठीत ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ अशी म्हण आहे. पाणी उंचावरून सखल भागाकडे जाते, तशी उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. ती तीन मार्गांनी जाते. भिंत किंवा स्लॅब यांच्या अंगातून जाते ते वहन. हवेबरोबर फिरते ते अभिसरण. आणि तापलेल्या पृष्ठभागापासून मध्ये कोणतेही माध्यम नसतानाही पोहोचते ते प्रारण. स्लॅबखाली रात्री झोपल्यावर डोक्यावरून आच आल्यासारखे वाटते, ते प्रारणामुळे. दिवसभर प्यालेली उष्णता काँक्रीट काही तासांनी खाली सोडू लागते.

छतातून किती उष्णता येते हे मोजण्यासाठी ‘उष्णता-पारगम्यता’ किंवा ‘यू’ मूल्य वापरतात. तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भागातून किती वॅट उष्णता पार होते, ते हे मूल्य सांगते. मूल्य जितके कमी तितका अडथळा चांगला. कोणतेही आवरण नसलेल्या काँक्रीटच्या स्लॅबचे यू मूल्य ढोबळमानाने ३.५ धरू. समजा, घराचे छत ५० चौरस मीटर आहे आणि उन्हाचा परिणाम धरता छताच्या बाहेरील व आतील बाजूंत २५ अंशांचा फरक आहे. तर :

३.५ × ५० × २५ = ४३७५ वॅट.

छतावर उष्णतारोधक थर देऊन यू मूल्य १.२ वर आणले, तर :

१.२ × ५० × २५ = १५०० वॅट.

प्रत्यक्षात तापमान तासागणिक बदलत असल्याने हा हिशेब स्थूल आहे. पण दिशा स्पष्ट आहे. एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे पहिल्या घरात केवळ छतातून येणारी उष्णता हटविण्यासाठीच सव्वा टनाचे यंत्र लागेल. दुसऱ्या घरात अर्ध्या टनाहून कमी क्षमता पुरेल. आधी उष्णतेला घरात बोलवायचे आणि मग पैसे देऊन तिला घालवायचे, असा हा व्यवहार आहे.

५.२.५ जुन्या घराचे शब्द : नावामागचे काम

आता त्या विद्यार्थिनीच्या यादीकडे पुन्हा वळू आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारू : तुझे काम काय?

पडवी : मुख्य भिंतीच्या बाहेर, उतरत्या छपराखाली असलेला भाग. तिचे काम मुख्य भिंतीवर ऊन आणि झड येऊ न देणे. भिंत सावलीत राहिली की तापत नाही, कोरडी राहिली की टिकते.

वळचण : भिंतीच्या पुढे आलेली छपराची कड. पागोळ्या भिंतीपासून दूर पाडणे हे तिचे काम. ओली भिंत उष्णता अधिक सहज वाहून नेते आणि तिच्यावर बुरशीही धरते.

माळा : छप्पर आणि राहती खोली यांच्यामधील लाकडी मजला. भात, पेंढा, सरपण ठेवण्याची ही जागा म्हणजे तापलेली कौले आणि माणसे यांच्यामध्ये घातलेला हवेचा थर होय.

कौले : कौलाचे यू मूल्य फारसे चांगले नसते. पण कौले पातळ असल्याने सूर्य मावळताच निवतात आणि त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅबप्रमाणे ती रात्रभर उष्णता सांडीत नाहीत.

माजघर : संस्कृत ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’, मराठी ‘माज’. घराच्या मधोमध असलेली ही खोली चारी बाजूंनी इतर खोल्यांनी वेढलेली असल्यामुळे तिला थेट ऊन लागत नाही. शब्दाच्या व्युत्पत्तीतच तिच्या गारव्याचे कारण दडले आहे.

वातायन : हा शब्द आता काव्यातच उरला आहे. ‘वात’ म्हणजे वारा आणि ‘अयन’ म्हणजे मार्ग. खिडकीचे काम वाऱ्याला वाट देणे आहे, हे या शब्दाइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

जाड दगडी वस्तुमानाचे कामही येथे नमूद केले पाहिजे. महाडजवळील गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत भर दुपारी शिरल्यावर जो थंडावा जाणवतो, त्याचे कारण म्हणजे डोंगराचा प्रचंड खडक सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. बाहेरच्या दिवस-रात्रीचे चढउतार आतपर्यंत पोहोचतच नाहीत.

मात्र या विवेचनावरून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढू नये. माजघराच्या गारव्याची किंमत अंधार आणि चुलीचा धूर यांनी चुकती होत होती, आणि ती बहुधा घरातील स्त्रिया चुकवीत होत्या. कौले दरवर्षी परतावी लागत. सारवणाचे कष्ट वेगळेच. माणसांनी स्लॅब निवडला तो अविचाराने नव्हे, तर या कष्टांतून सुटण्यासाठी. आपल्याला जुने घर परत आणावयाचे नाही; जुन्या शब्दांनी केलेले काम नव्या घरात कोण करणार, एवढेच ठरवावयाचे आहे.

५.२.६ नव्या घरात हे काम कोणाकडे?

कोकणात एक गोष्ट आपण सर्वत्र पाहिली असेल. स्लॅब गळू लागला की घरमालक त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालतात. हेतू असतो तो पावसापासून बचावाचा. पण नकळत तेथे दुसरे छप्पर तयार होते. पत्रा ऊन झेलतो, स्लॅब सावलीत राहतो आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा उष्णता वाहून नेतो. माळ्याचे काम पत्र्याने उचलले. पत्रा फिकट रंगाचा ठेवला आणि बाजू बंद केल्या नाहीत, तर हे काम अधिक चांगले होते. बाजू विटांनी बंद करून खोली काढली की ते बिघडते.

पत्रे नसतील तर स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग किंवा चुना देता येतो. काळपट पृष्ठभाग बहुतेक ऊन शोषतो, पांढरा बहुतेक परतवितो. आपल्याकडे पावसाळ्यात स्लॅबवर शेवाळ धरून तो काळा पडतो. म्हणून दिवाळीनंतर तो घासून पुन्हा रंगवावा लागतो, ही अट ध्यानात ठेवावी.

पडवी व वळचण यांचे काम खिडकीवरील रुंद छज्जा, बाहेर काढलेली गॅलरी आणि पश्चिमेकडील झाड करू शकते. घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवल्या, तर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन कमी भिंतीवर पडते. खिडक्या समोरासमोर असल्या तर वाऱ्याला येण्याची आणि जाण्याचीही वाट मिळते. दमट हवेत घाम वाळण्यासाठी वारा हाच मुख्य उपाय आहे. कोरड्या विदर्भात उपयोगी पडणारा पाण्याचा कूलर कोकणात निष्प्रभ ठरतो, कारण हवेत आधीच ओलावा पुष्कळ असतो.

एवढे करूनही वातानुकूलन यंत्र लागले, तर ते अधिक तारांकनाचे घ्यावे व २४ अंशांवर चालवावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. सौरपटलांचा विचार यानंतर करावा. भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतण्याआधी भोक बुजविणे शहाणपणाचे.

५.२.७ बांधकामातली ऊर्जा आणि सुरक्षितता

घर वापरताना खर्च होणारी ऊर्जा हा हिशेबाचा एक भाग झाला. सिमेंट, पोलाद, विटा तयार करतानाही ऊर्जा खर्च होते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश तापमानाच्या भट्टीत भाजतात. इंधनाच्या ज्वलनातून तर कार्बन डायऑक्साइड निघतोच. शिवाय चुनखडीतूनही तो बाहेर पडतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

म्हणून टिकाऊपणा हा हरितपणाचाच भाग मानला पाहिजे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली, फार जुनी नसलेली इमारत कोसळली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. माणसांच्या हानीपुढे दुसरा कोणताही हिशेब क्षुल्लक आहे. त्यातून शिकण्याचा धडा मात्र हा की, जे टिकत नाही त्याला हरित म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. घर कोठे बांधावे आणि जोते किती उंच असावे, हे प्रश्न ऊर्जेच्या प्रश्नाआधी येतात. हरित इमारतीच्या व्याख्येत ‘जागेची निवड’ हे शब्द सर्वांत आधी आले आहेत, ते याच क्रमाने वाचावेत.

या आपत्तींनंतर दोन्ही तालुक्यांत असंख्य घरे नव्याने उभी राहिली, काही अजून राहत आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यावर अशा घराचे कर्ज असेल. आज घातलेला स्लॅब आणि आज ठेवलेली खिडकी पुढच्या पिढीचे वीजबिल व उत्सर्जन ठरविणार आहे. म्हणूनच गवंड्याशी आणि अभियंत्याशी बोलताना नेमके शब्द हाताशी असणे ही केवळ परीक्षेपुरती गोष्ट नाही.

५.२.८ संहितांची भाषा आणि जाहिरातीची भाषा

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि त्यानुसार मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. निवासी इमारतींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. तिच्यात छताचे यू मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे. उष्ण-दमट विभागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सुमारे एक-षष्ठांश असावे, असेही तिच्यात आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला हे प्रमाण लावले तर वाऱ्यासाठी २० चौरस फूट मोकळी वाट हवी. ही संहिता ५०० चौरस मीटर व त्यापुढील भूखंडांवरील प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवून रचली आहे; तथापि लहान घर बांधणाऱ्यालाही तिचे आकडे मार्गदर्शक ठरतात. याखेरीज ‘गृह’ आणि भारतीय हरित इमारत परिषद यांच्या मानांकनपद्धती आहेत. पुण्यात हडपसर येथील सुझलॉन कंपनीने उभारलेले ‘वन अर्थ’ हे संकुल अशा मानांकित इमारतींपैकी एक होय.

आता दोन वाक्यांची तुलना करा.

(क) निसर्गाच्या कुशीत, हरित जीवनाचा आनंद देणारे स्वप्नातले घर!
(ख) या घराच्या छताचे यू मूल्य १.२ असून प्रत्येक खोलीत क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश इतकी उघडणारी खिडकी आहे.

पहिले वाक्य भावनेला आवाहन करते. ते खरे की खोटे, हे तपासण्याचा मार्ग नाही. दुसरे वाक्य मोजपट्टी घेऊन तपासता येते. चुकीचे असेल तर चूक दाखविता येते. तपासता येणे हा शास्त्रीय वाक्याचा पहिला गुण होय. एखादी इमारत ‘हरित’ असल्याचे कोणी सांगितले तर आपण एकच विचारावे : वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट? वर्षभरातील युनिटना क्षेत्रफळाने भागले की हा आकडा मिळतो. ५० चौरस मीटरच्या घरात वर्षाला १५०० युनिट लागत असतील, तर उत्तर ३० येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) स्लॅबवर घातलेल्या पत्र्यांमुळे जुन्या घरातील कोणत्या भागाचे काम होते? कसे?
(आ) ‘आमचे घर खूप थंड आहे’ हे वाक्य तपासता येईल अशा रीतीने पुन्हा लिहा.

५.३ सारांश

‘हरित’ हा शब्द ‘हरितगृह वायू’ आणि ‘हरित इमारत’ या संज्ञांत वेगवेगळ्या अर्थांनी येतो. विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन होत असल्याने घरातील ऊर्जा कार्यक्षमता हा उत्सर्जन कमी करण्याचा थेट मार्ग आहे. महाड-पोलादपूरच्या हवामानात छताची सावली, भिंतींचे संरक्षण आणि वाऱ्याची वाट या तीन गोष्टी निर्णायक आहेत. पडवी, वळचण, माळा हे शब्द त्या कामांचीच नावे होती. जागेची निवड आणि टिकाऊपणा यांवाचून कोणतीही इमारत हरित ठरत नाही.

५.४ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

आढे – छपराच्या दोन उतारांच्या माथ्यावरील आडवे लाकूड.
जोते – घराचा जमिनीपासून उंच केलेला पाया, चौथरा.
झड – वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस.
पागोळ्या – छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा.
व्यवच्छेदक – इतरांपासून वेगळेपण दाखविणारे.
उष्णता-पारगम्यता – पदार्थातून उष्णता पार जाऊ देण्याचे प्रमाण.
परावर्तक – प्रकाश किंवा उष्णता परत फेकणारा.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) ‘हरितगृह’ या शब्दात ‘हरित’चा संबंध रोपांच्या हिरवेपणाशी आहे. ‘हरित इमारत’ या संज्ञेत त्याचा अर्थ पर्यावरणाला कमी हानी पोहोचविणारी असा लाक्षणिक आहे.
१ (आ) ५१ वॅट × ५ तास × ३६५ दिवस = ९३,०७५ वॅट-तास, म्हणजे सुमारे ९३ युनिट. टळलेले उत्सर्जन सुमारे ६५ किलो.
२ (अ) माळ्याचे. पत्रा ऊन झेलतो आणि पत्रा व स्लॅब यांच्यामधील हवेचा थर उष्णता खाली येऊ देत नाही.
२ (आ) नमुना उत्तर : मे महिन्यात दुपारी तीन वाजता बाहेरचे तापमान ३८ अंश असताना आमच्या मधल्या खोलीतील तापमान ३२ अंश होते.

५.६ स्वाध्याय

१. ‘शक्ती’ व ‘ऊर्जा’, ‘बचत’ व ‘कार्यक्षमता’ या जोड्यांतील फरक स्वतःच्या घरातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. “पडवी गेली आणि विजेचं बिल आलं” या वाक्याचा आशय २५० शब्दांत विशद करा.
३. आपल्या परिसरातील कोणतीही एक जाहिरात घेऊन तिच्यातील तपासता येणारी आणि न येणारी विधाने वेगळी करा.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा वाडीतील साठ वर्षांवरील एखाद्या व्यक्तीला भेटा आणि घराच्या भागांची किमान पंधरा नावे त्यांच्या तोंडून टिपून घ्या. शब्द त्यांच्या उच्चाराप्रमाणेच लिहा. प्रमाण भाषेत बदलू नका. प्रत्येक शब्दापुढे त्या भागाचे काम लिहा. तिसऱ्या रकान्यात, आपल्या सध्याच्या घरात ते काम कोण करते ते लिहा : भिंत, झाड, पत्रा, माणूस की वीज. शेवटी आपल्या घराची मागील बारा महिन्यांची वीजबिले काढून दर चौरस मीटरमागील युनिट काढा. तिसऱ्या रकान्यात ‘वीज’ किती वेळा आली, ते मोजा आणि त्यांपैकी कोणते एक काम विजेकडून काढून घेता येईल, यावर दहा ओळी लिहा. पुढील संपर्कसत्राला येताना ही वही बरोबर आणावी.